बुरशी सापडली, रोग सापडला का?
प्राण्यांच्या कवकरोगांवरील दोन संशोधनांची चिकित्सा

प्रस्तावना

प्राण्यांना होणाऱ्या बुरशीजन्य रोगांवर आपल्याकडे बरेच संशोधन होते. मात्र ते वाचण्याची शिस्त आपल्या वर्गांमध्ये फारशी शिकवली जात नाही. एखाद्या निबंधात ‘अमुक प्राण्यात अमुक बुरशी आढळली’ असे विधान येते आणि पाठ्यपुस्तकापर्यंत पोहोचेपर्यंत त्याचे ‘अमुक बुरशीमुळे तो प्राणी मरतो’ असे रूपांतर झालेले असते. या दोन विधानांमध्ये मोठे अंतर आहे. ते अंतर कोणत्या पुराव्याने भरून निघते आणि कोणत्या पुराव्याने भरून निघत नाही, हे दोन प्रत्यक्ष संशोधनांच्या आधारे तपासणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

पहिले संशोधन गुजरात व राजस्थानच्या सीमेवर १९७४ साली माणसांत आणि पाळीव कुत्र्यांत एकाच वेळी उद्भवलेल्या यकृतरोगाविषयीचे आहे. दुसरे महाराष्ट्रातील सह्याद्रीच्या बेडकांवरील असून ते २०१३ साली प्रसिद्ध झाले. एक पाळीव प्राण्याचे, दुसरे वन्य प्राण्याचे. एकात बुरशीने तयार केलेले विष आहे, दुसऱ्यात खुद्द बुरशीचा संसर्ग आहे. दोन्ही संशोधने महत्त्वाची आहेत, आणि म्हणूनच ती चिकित्सेस पात्र आहेत.

हा विषय शहरातील शिक्षकांनाही दूरचा नाही. सुरत शहराच्या गोडादरा, लिंबायत, डिंडोली या भागांत धुळे, नंदुरबार व जळगाव जिल्ह्यांतून आलेली मराठी कुटुंबे मोठ्या संख्येने राहतात. गावाशी त्यांचे नाते तुटलेले नाही. गावाकडे शेत आहे, गोठा आहे, आणि गावची ज्वारी, मका, शेंगदाणे शहरातील घरात येतात. रोजचे दूध तर प्रत्येक घरात येतेच. धान्यावरची बुरशी, जनावराचा चारा आणि मुलाच्या पेल्यातील दूध यांना जोडणारी साखळी या वस्तीतून जाते. तिचा विचार लेखाच्या उत्तरार्धात केला आहे.

परिभाषेचा प्रश्न

प्रथम परिभाषा स्पष्ट करणे आवश्यक आहे. ‘बुरशीजन्य रोग’ या एकाच शब्दाखाली दोन भिन्न गोष्टी मोडतात. बुरशी प्राण्याच्या शरीरात किंवा त्वचेवर प्रत्यक्ष वाढते तेव्हा त्यास कवकसंसर्ग म्हणावे. वासरांच्या अंगावर, डोळ्यांभोवती व मानेवर दिसणारे गजकर्णाचे गोल चट्टे हे त्याचे सर्वपरिचित उदाहरण. याउलट, बुरशी धान्यावर किंवा चाऱ्यावर वाढते, तेथे विष तयार करते आणि प्राणी ते विष खातो, तेव्हा त्यास कवकविषबाधा म्हणावे. विषबाधा झालेल्या प्राण्याच्या शरीरात बुरशी असण्याची गरजच नाही. ती एका प्राण्यापासून दुसऱ्यास लागत नाही, आणि बुरशीनाशक औषधाने बरी होत नाही.

हा भेद ध्यानी न घेतल्यास पुरावा कोठे शोधायचा हेच चुकते. संसर्गाचा पुरावा प्राण्याच्या ऊतींमध्ये शोधावा लागतो, तर विषबाधेचा पुरावा धान्यात, विषाच्या मात्रेत आणि यकृतावरील परिणामात शोधावा लागतो.

पंचमहाल-बांसवाडा, १९७४

१९७४ सालच्या अखेरीस गुजरातमधील तत्कालीन पंचमहाल जिल्हा व त्याला लागून असलेला राजस्थानातील बांसवाडा जिल्हा येथील दीडशेहून अधिक गावांत एक विलक्षण साथ पसरली. रुग्णांना कावीळ होई, पोटात झपाट्याने पाणी साठे आणि त्यांपैकी अनेक जण दगावत. या भागातील आदिवासी कुटुंबांचे मुख्य अन्न मका होते. सुगीच्या तोंडावर अवकाळी पाऊस झाला, कणसे भिजली, साठवणुकीची सोय नव्हती आणि मक्यावर बुरशी चढली. दुसरे धान्य घरात नसल्यामुळे तोच मका खाल्ला गेला.

हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेचे कृष्णमाचारी, भट, नागराजन व टिळक यांनी या साथीचा अभ्यास करून १९७५ साली ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष मांडले. मका ‘अॅस्परजिलस फ्लेव्हस’ या बुरशीने मोठ्या प्रमाणावर ग्रासलेला होता. त्यात अफ्लाटॉक्सिन हे विष किलोमागे सुमारे १५ मिलिग्रॅमपर्यंत आढळले. बाधित व्यक्तींच्या पोटात महिनाभर रोज २ ते ६ मिलिग्रॅम विष गेले असावे, असा अंदाज लेखकांनी मांडला. भारतात आज तृणधान्यासाठी एकूण अफ्लाटॉक्सिनची मर्यादा किलोमागे १५ मायक्रोग्रॅम आहे. म्हणजे त्या मक्यातील कमाल पातळी आजच्या मर्यादेच्या सुमारे हजारपट होती. २ ते ६ मिलिग्रॅम हा अंदाज ताडून पाहणे विद्यार्थ्यांनाही जमण्यासारखे आहे. किलोमागे १५ मिलिग्रॅम विष असलेला मका दिवसाला ४०० ग्रॅम खाल्ला तर पोटात ६ मिलिग्रॅम विष जाते.

या अभ्यासाचा एक गुण विशेष नोंदवण्यासारखा आहे. संशोधकांनी पुढील वर्षी, १९७५ मध्ये, त्याच भागातून मक्याचे नमुने पुन्हा घेतले. त्यांत विषाचे प्रमाण अत्यल्प, किलोमागे ०.१ मिलिग्रॅमहूनही कमी निघाले. गावे तीच, माणसे तीच, धान्यही तेच. बदलला होता तो बुरशीचा प्रादुर्भाव. निसर्गाने घडवलेली ही तुलना संशोधकांनी वाया जाऊ दिली नाही.

कुत्र्यांची साक्ष

सदर निबंधात ही साथ माणसांत व कुत्र्यांत झाल्याचे स्पष्टपणे म्हटले आहे. ज्या घरांतील माणसे आजारी पडली तेथील अन्न खाणारी कुत्रीही कावीळ व जलोदराने मेली. या घटनेचा उल्लेख पुढे अनेक ठिकाणी होतो, पण बहुधा माणसांच्या आकड्यांपुरता. कुत्री तपशिलात जमा होतात. प्रस्तुत लेखकाच्या मते तर्कदृष्ट्या या अभ्यासातील सर्वांत बळकट दुवा कुत्र्यांचाच आहे.

एखाद्या खेड्यात कावीळ पसरली की पहिला संशय विषाणूवर जातो, आणि तो रास्तच असतो, कारण दूषित पाण्यातून पसरणारी विषाणुजन्य कावीळ आपल्याकडे नेहमीची आहे. परंतु माणसाला कावीळ करणारे हे नेहमीचे विषाणू कुत्र्याला आजारी पाडत नाहीत. कुत्र्यांना यकृतदाह करणारा स्वतंत्र विषाणू आहे, पण तो माणसाला बाधत नाही. तेव्हा माणूस व कुत्रा यांना एकाच वेळी, एकाच घरात, एकाच स्वरूपाचा यकृतरोग झाला तर संसर्गाची शक्यता मागे पडते आणि दोघांच्या समान अन्नाकडे बोट वळते. कोणत्याही प्रयोगशाळेत न जाता, केवळ निरीक्षणातून मिळालेला हा पुरावा आहे.

पशुवैद्यकास हा पुरावा अपरिचित नसावा. अमेरिकेच्या आग्नेय भागात १९५० च्या दशकाच्या आरंभी बुरशी लागलेल्या मक्याच्या खाद्यावर वाढलेल्या कुत्र्यांत यकृतरोगाची साथ आली होती. कारण न कळल्याने तिला ‘हिपॅटायटिस एक्स’ असे नाव पडले. १९६० साली इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की पक्षी मेले. त्यांच्या खाद्यातील ब्राझीलच्या शेंगदाणा पेंडीपर्यंत माग लागला, आणि त्यातूनच अफ्लाटॉक्सिनचा शोध लागला. त्यानंतर कुत्र्यांच्या जुन्या रोगाचाही उलगडा झाला. या विषाचे ज्ञान मानवी वैद्यकाला पशुवैद्यकाकडून मिळाले, हा क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे. १९७४ मध्ये कुत्री जे सांगत होती ते पशुवैद्यकाच्या ग्रंथांत आधीच नोंदले गेले होते.

पहिल्या संशोधनाच्या मर्यादा

गुणांबरोबर मर्यादाही पाहिल्या पाहिजेत. पहिली मर्यादा आकड्यांची. याच साथीचा अभ्यास दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील टंडन व त्यांच्या सहकाऱ्यांनीही केला. त्यांचा निबंध १९७७ साली प्रसिद्ध झाला. हैदराबादच्या पथकाने ३९७ रुग्ण व शंभराहून अधिक मृत्यू नोंदवले. दिल्लीच्या पथकाने ९९४ रुग्ण व ९७ मृत्यू नोंदवले. पहिल्या हिशेबाने चार रुग्णांमागे एकाहून अधिक दगावला, दुसऱ्या हिशेबाने सुमारे दहांमागे एक. साथ एकच असताना मृत्युदरात इतका फरक कसा पडतो? मृत्यूंचे आकडे जवळपास सारखे आहेत, रुग्णांचे नाहीत. म्हणजे फरक ‘रुग्ण कोणाला म्हणावे’ या व्याख्येत आणि मोजणीच्या व्याप्तीत असला पाहिजे. पोटात पाणी झालेल्यांनाच मोजले की सौम्य कावीळ झालेल्यांनाही, यावर मृत्युदर ठरतो. यांपैकी एकच आकडा उद्धृत करून पुढे जाणारा लेखक वाचकाला अर्धीच माहिती देतो.

दुसरी मर्यादा निश्चिततेची. दिल्लीच्या गटाने १९७८ मध्ये या साथीच्या विकृतिविज्ञानावर जो निबंध लिहिला, त्याच्या शीर्षकातच कवकविष हे कारण ‘संभाव्य’ म्हटले आहे. हा सावधपणा अनाठायी नव्हता. त्याच सुमारास तत्कालीन मध्य प्रदेशातील सरगुजा जिल्ह्यातही जलोदराची साथ आली होती. तीही आदिवासी भागात, तीही दूषित धान्यातून. पण तेथे दोष बुरशीचा नव्हता. गोंदली नावाच्या बारीक तृणधान्यात तागाच्या जातकुळीतील एका रानटी झाडाच्या विषारी बिया मिसळल्या होत्या आणि त्यामुळे यकृतातील सूक्ष्म नीला बंद होत होत्या. हा अभ्यासही टंडन यांच्याच गटाचा होता. म्हणून ‘दूषित धान्य आणि पोटात पाणी’ एवढ्यावरून बुरशीचा निष्कर्ष काढता येत नाही. धान्याचे रासायनिक पृथक्करण व यकृताची सूक्ष्मदर्शकीय तपासणी, दोन्ही लागतात.

तिसरी मर्यादा प्राण्यांच्या नोंदीची. कुत्र्यांची साक्ष मोलाची आहे असे वर म्हटले. पण ती पूर्णत्वास जाण्यासाठी काही प्रश्नांची पद्धतशीर उत्तरे हवी असतात. किती घरांत कुत्री होती? बाधित घरांतील किती मेली, अबाधित घरांतील किती? माणसांच्या आधी की नंतर? शेळ्या, कोंबड्या व बैल यांना तोच मका घातला होता काय? वैद्यकीय नियतकालिकात माणसांच्या साथीवर लिहिलेल्या निबंधाकडून ही मोजदाद अपेक्षिणे कदाचित अन्यायाचे ठरेल. पण म्हणूनच अशा साथीत पशुवैद्यकाचा स्वतंत्र अहवाल असणे अगत्याचे आहे.

अशी साखळी पुढे कशी पूर्ण करता येते याचे उदाहरण केनियातील २००४ च्या साथीत मिळते. तेथेही मकाच होता; ३१७ रुग्ण व १२५ मृत्यू नोंदले गेले. संशोधकांनी ४० रुग्ण आणि ८० निरोगी व्यक्ती निवडून त्यांच्या घरचे धान्य तपासले, तसेच त्यांच्या रक्तातील प्रथिनांना चिकटलेल्या अफ्लाटॉक्सिनचे मापन केले. धान्यातील विष व शरीरातील विष यांमधील दुवा अशा रीतीने तुलनेसह सांधला गेला. १९७४ च्या अभ्यासाचे मूल्य यामुळे कमी होत नाही. त्याने दाखवलेली दिशाच येथे पुढे नेली गेली.

सह्याद्रीतील बेडूक, २०१३

आता दुसऱ्या संशोधनाकडे वळू. जगभर बेडकांच्या अनेक जाती झपाट्याने घटत असल्याचे विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत ध्यानी आले. १९९८ मध्ये ऑस्ट्रेलिया व मध्य अमेरिकेतील मृत बेडकांच्या त्वचेत एक जलीय बुरशी आढळली. १९९९ मध्ये तिचे ‘बॅट्राकोकायट्रियम डेंड्रोबॅटिडिस’ असे नामकरण झाले. बेडूक त्वचेवाटे पाणी व क्षार यांची देवाणघेवाण करतो. बुरशीने ही त्वचा बिघडली की रक्तातील सोडियम व पोटॅशियम घटते आणि अखेरीस हृदय थांबते, ही मृत्यूची यंत्रणा २००९ मध्ये प्रयोगाने दाखवण्यात आली. या एका बुरशीबाबत आढळ, प्रायोगिक संसर्ग व मृत्यूची यंत्रणा हे तिन्ही दुवे सुमारे दशकभरात जुळले.

भारतात ही बुरशी आहे काय, हा प्रश्न स्वाभाविकच पुढे आला. पश्चिम घाटातील उभयचरांच्या तीन चतुर्थांशाहून अधिक जाती जगात अन्यत्र आढळत नाहीत. २०११ मध्ये पश्चिम घाटातील ‘इंडिराना’ या प्रजातीच्या बेडकांत तिचा पहिला आढळ नोंदला गेला. उत्तर पश्चिम घाटातील, म्हणजे महाराष्ट्राच्या बाजूचा, पहिला पुरावा २०१३ मध्ये ‘प्लॉस वन’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. नीलेश डहाणूकर, कीर्ती कृता, मंदार पैंगणकर, आनंद पाध्ये, निखिल मोडक व संजय मोलूर हे त्याचे लेखक. यांतील पाध्ये हे पुण्याच्या आबासाहेब गरवारे महाविद्यालयात अध्यापन करणारे प्राणिशास्त्रज्ञ. पदवी महाविद्यालयातील अध्यापकाचा अशा संशोधनातील सहभाग आपल्या वाचकांनी आवर्जून लक्षात घ्यावा.

या निबंधात तीन प्रदेशनिष्ठ व संकटग्रस्त जातींत बुरशी आढळल्याचे म्हटले आहे: ‘निक्टिबॅट्राकस हुमायुनी’, ‘इंडिराना लिथाय’ आणि ‘राओर्चेस्टिस बॉम्बेएन्सिस’. यांतील पहिल्या बेडकाचे नाव १९५५ साली मुंबईचे निसर्गअभ्यासक हुमायून अब्दुलअली यांच्या सन्मानार्थ ठेवण्यात आले. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीशी आयुष्यभर जोडलेल्या अब्दुलअलींनी बेडकांच्या तंगड्यांच्या निर्यातीविरुद्ध सातत्याने लिहिले. १९८७ मध्ये भारताने ही निर्यात बंद केली. व्यापाराचे संकट टळले, पण त्यांचे नाव धारण करणाऱ्या बेडकाच्या त्वचेवर आता दुसरे संकट नोंदले गेले आहे.

दुसऱ्या संशोधनाचे मूल्यमापन

या निबंधाची बलस्थाने स्पष्ट आहेत. लेखकांनी एकाच कसोटीवर विसंबून न राहता दोन प्रकारची पीसीआर चाचणी, जनुकीय क्रमवाचन व ऊतींची सूक्ष्मदर्शकीय तपासणी यांचा उपयोग केला. पीसीआर चाचणी अतिशय संवेदनशील असते. त्वचेवर बाहेरून चिकटलेला बुरशीचा अंशही ती दाखवू शकते. बुरशी त्वचेच्या आत वाढते आहे की नाही, हे ऊतितपासणीच सांगू शकते.

दुसरे बलस्थान प्रामाणिकपणाचे. तीनपैकी दोन जातींत, म्हणजे लिथायच्या व बॉम्बेएन्सिस या बेडकांत, बुरशी असूनही बाह्य लक्षणे नव्हती. ‘हुमायुनी’ बेडकांत मात्र त्वचेवर व्रण, तपकिरीपणा व साल सुटणे आढळले. बाधित बेडकांत लक्षणे दिसतील किंवा दिसणारही नाहीत, असे लेखक स्वतःच नमूद करतात. हे वाक्यच या निबंधाचा गाभा आहे. दुर्दैवाने दुय्यम लेखनात असेच वाक्य सर्वप्रथम गळते.

या पुराव्याने काय सिद्ध होत नाही? एक, या बेडकांची संख्या बुरशीमुळे घटते आहे असे सिद्ध होत नाही. त्यासाठी एकाच ओढ्यावर वर्षानुवर्षे केलेली मोजणी हवी. दोन, ‘हुमायुनी’ बेडकातील व्रण याच बुरशीने झाले असणे शक्य, किंबहुना संभवनीय आहे. पण निरोगी बेडकांना नियंत्रित संसर्ग करून ते पडताळलेले नाही. संकटग्रस्त जातीवर असा प्रयोग करणे नैतिकदृष्ट्याही सोपे नाही, ही अडचण मान्य केली पाहिजे. तीन, क्रमवाचनावरून ही बुरशी आशियात पूर्वापार असलेल्या वाणाशी संबंधित असल्याचे म्हटले आहे. येथे वापरलेला जनुकीय भाग एकाच बुरशीत अनेक प्रतींमध्ये असतो आणि त्या प्रतींत फरक असू शकतो. तेव्हा वंशावळीबाबतचा निष्कर्ष सूचक मानावा, अंतिम नव्हे. संपूर्ण जनुकसंचावर आधारित मोठा जागतिक अभ्यास २०१८ मध्ये झाला आणि त्याने या बुरशीचे मूळ पूर्व आशियात असल्याचे दाखवले. पुण्याच्या गटाचा अंदाज त्याच्याशी विसंगत नाही, पण त्याने तो आपोआप सिद्धही होत नाही.

वंशावळीचा हा प्रश्न केवळ तांत्रिक नाही. बुरशी बाहेरून नव्याने आलेली असेल तर बेडकांकडे प्रतिकारशक्ती नसण्याचा धोका मोठा, आणि उपाय म्हणजे प्रसार रोखणे. ती हजारो वर्षे येथेच असेल तर बेडूक व बुरशी यांच्यात काही समतोल बसलेला असणार, आणि मग तो कशाने बिघडतो, अधिवासाच्या नाशाने की हवामानाने, हे शोधावे लागते. वाण कोणता यावर संवर्धनाचे धोरण ठरते.

जागतिक पातळीवरही असाच वाद झाला. २०१९ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकातील निबंधाने या रोगामुळे ५०१ उभयचर जाती घटल्या व त्यांपैकी ९० नामशेष झाल्या असाव्यात असे म्हटले. २०२० मध्ये त्याच नियतकालिकात दुसऱ्या गटाने आक्षेप घेतला की यांतील अनेक जातींबाबत बुरशी व ऱ्हास यांमधील कार्यकारणसंबंधाचा पुरावा पुरेसा दाखवलेला नाही. मूळ लेखकांनी उत्तर दिले. रोग गंभीर आहे याविषयी दोन्ही पक्षांत मतभेद नव्हता; कोणत्या पुराव्यावर किती मोठे विधान करावे, हा वाद होता. असा वाद उघडपणे होणे हे शास्त्राच्या निरोगीपणाचे लक्षण आहे.

तुलना

दोन्ही संशोधने शेजारी ठेवली असता एक गोष्ट दिसून येते. १९७४ च्या साथीत रोग डोळ्यांसमोर होता. कारण शोधायचे होते. २०१३ मध्ये कारण होऊ शकणारी बुरशी हाती होती. रोग शोधायचा होता. पहिल्यात मृत्यू मोजले गेले, पण प्राण्यांची पद्धतशीर मोजदाद हवी होती. दुसऱ्यात प्राण्यांची तपासणी काटेकोर झाली, पण मृत्यूंची मोजदाद अजून व्हायची होती. दोहोंना मिळून एक पूर्ण अन्वेषण होते, आणि त्याची पाच अंगे सांगता येतील: आढळ, मात्रा, ऊतींतील बदल, काळाचा क्रम आणि निरोगी गटाशी तुलना. कोणताही नवा निबंध हाती आला की यांपैकी किती अंगे त्यात आहेत, हे विचारावे.

गोडादऱ्यातील दूध

वरील कसोटी आता रोजच्या व्यवहाराला लावून पाहू. माणसाच्या खाण्यालायक न राहिलेले धान्य जनावराला घालण्याची आपली जुनी रीत आहे. काळवंडलेला मका, खवट शेंगदाण्याची पेंड, ओल लागलेली सरकीची ढेप गोठ्यात जाते. त्यात अन्न वाया जाऊ नये ही सद्भावनाच असते. पण अफ्लाटॉक्सिन बी-१ गाईम्हशीच्या पोटात गेले की यकृतात त्याचे एम-१ या रूपात परिवर्तन होते आणि खाल्लेल्या विषाचा साधारण १ ते २ टक्के भाग दुधात उतरतो. भरपूर दूध देणाऱ्या गाईत हे प्रमाण अधिकही असते. दूषित खाद्य बंद केल्यावर तीन-चार दिवसांत दूध बहुतांशी निवळते. मात्र दूध उकळल्याने हे विष नष्ट होत नाही. जनावर बाहेरून धडधाकट दिसत असते. सह्याद्रीतील बेडकांत बुरशी होती, लक्षण नव्हते. येथे दुधात विष असते आणि गाईला लक्षण नसते.

भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने केलेल्या व २०१९ मध्ये जाहीर झालेल्या देशव्यापी सर्वेक्षणात दुधाच्या ६,४३२ नमुन्यांपैकी ३६८ नमुन्यांत, म्हणजे ५.७ टक्क्यांत, अफ्लाटॉक्सिन एम-१ मर्यादेहून अधिक आढळले. ही मर्यादा किलोमागे ०.५ मायक्रोग्रॅम आहे. युरोपीय संघाची मर्यादा त्याच्या एक दशांश आहे. सर्वेक्षणाचा आवाका मोठा आहे, आणि पाण्याच्या भेसळीपेक्षा वेगळ्या प्रश्नाकडे त्याने लक्ष वेधले हे त्याचे श्रेय. परंतु ग्राहकापर्यंत पोहोचलेल्या दुधाचा नमुना कोणत्या गोठ्यातील, कोणत्या ढेपेमुळे दूषित झाला हे सांगू शकत नाही. आढळ मिळाला, उगम मिळाला नाही. ‘भारतातील दूध विषारी’ असे म्हणणे जितके चूक, तितकेच ‘९४ टक्के दूध ठीक आहे, मग चिंता कशाला’ असे म्हणणेही चूक. सर्वांत अधिक दूध लहान मुले पितात, आणि अफ्लाटॉक्सिन कर्करोगकारक आहे.

वर्गात हा हिशेब सहज मांडता येतो. किलोमागे २० मायक्रोग्रॅम विष असलेले पाच किलो खाद्य गाईने खाल्ले तर पोटात १०० मायक्रोग्रॅम गेले. त्याचे २ टक्के म्हणजे २ मायक्रोग्रॅम. गाय दहा लिटर दूध देत असेल तर लिटरमागे ०.२ मायक्रोग्रॅम, भारतीय मर्यादेच्या आत, युरोपीय मर्यादेच्या चौपट. खाद्यातील विष पाचपट झाले तर भारतीय मर्यादेच्याही दुप्पट. एवढ्या गणितातून विद्यार्थ्याला कळते की दुधाची सुरक्षितता डेअरीत ठरण्यापूर्वी ढेपेच्या पोत्यात ठरलेली असते.

अध्यापकांसाठी

या चर्चेतून अध्यापनाच्या दृष्टीने तीन गोष्टी निघतात. पहिली, पाठ्यपुस्तकातील वर्गीकरण तपासून घ्यावे. बैलांच्या व माणसांच्या नाकात मांसल गाठ निर्माण करणारा ‘ऱ्हायनोस्पोरिडियम सीबेरी’ हा जीव विसाव्या शतकात दीर्घकाळ बुरशी म्हणून शिकवला गेला. १९९९ मध्ये जनुकीय अभ्यासाने तो खऱ्या बुरशींत मोडत नसल्याचे दाखवले. जुन्या पुस्तकातून शिकवणाऱ्याने ही दुरुस्ती सांगितली पाहिजे.

दुसरी, विद्यार्थ्यांना मूळ निबंधाचे सारांश वाचायला लावावे आणि त्यातील ‘संभाव्य’, ‘सूचित होते’, ‘संबंधित’ या शब्दांखाली रेघ ओढायला सांगावे. बातमीत किंवा मार्गदर्शकात ते शब्द उरले आहेत काय, हे पडताळण्याचा स्वाध्याय द्यावा.

तिसरी, निरीक्षणाची नोंद ठेवायला शिकवावे. ज्यांची गावे खानदेशात आहेत असे विद्यार्थी गोडादऱ्यासारख्या वस्तीतील वर्गात पुष्कळ असतात. सुटीत गावी गेल्यावर चारा व ढेप कोठे साठवतात, पावसाळ्यात ती किती दिवस ओली राहते, गोठ्यातील किंवा दारातील कोणते जनावर केव्हा आजारी पडले, हे त्यांनी तारखेसह लिहून आणावे. संशयास्पद घटना आढळल्यास ती नजीकच्या पशुवैद्यकास कळवावी. सुरतपासून जवळच नवसारी येथे पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. निदान करणे हे विद्यार्थ्याचे काम नव्हे. पण निदानाला लागणारी तारीख, संख्या व खाद्याचा नमुना तो जपून ठेवू शकतो.

समारोप

१९७४ च्या साथीत बळी गेलेली कुटुंबे गरीब होती. त्यांच्याकडे मका टाकून देण्याचा पर्याय नव्हता. त्यांच्या ताटातील अन्न खाऊन मेलेल्या कुत्र्यांनी रोगाच्या कारणाची दिशा दाखवली, पण त्यांची मोजदाद कोणाच्या तरी कामाचा भाग असायला हवी होती. प्राण्यांच्या रोगावरील संशोधनाकडे आपण पशुवैद्यकांचा खासगी विषय म्हणून पाहतो तोवर ही मोजदाद होणार नाही. प्राण्यातील बुरशीची प्रत्येक नोंद म्हणजे रोग नव्हे, हे जितके खरे, तितकेच हेही खरे की प्राण्याच्या मृत्यूची नोंदच झाली नाही तर माणसापर्यंत आलेला रोगही उशिरा ओळखला जातो. या दोन्ही गोष्टी एकाच तासाला, एकाच विद्यार्थ्याला समजावून सांगणे ही आपल्या शिक्षकांकडून अपेक्षा आहे.